खाडीला नोटीस

मुलांनो, आपल्या घराण्यात वकील झाले, वैद्य झाले, एक जण तर संन्यास घेऊन दोन वर्षांनी पुन्हा संसारात परतले. पण समुद्राच्या भरतीला लेखी नोटीस देणारा पुरुष आजवर एकच झाला. ते तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. मी त्यांना भावजी म्हणे आणि सारा गाव त्यांना रावसाहेब म्हणे, जरी सरकारने तसा किताब त्यांना कधीच दिला नव्हता. तुम्ही रंगूनला मोठ्या नदीकाठी वाढलात, तेव्हा आमची खाडी तुम्हांला ओढ्यासारखी वाटेल. पण ठाणे आणि कल्याण यांच्या मधल्या आमच्या गावाचे सारे जगणे तिच्यावर होते. अलीकडे आमचे गाव आणि आगगाडीचे स्टेशन. पलीकडे भाजी, दूध, गवत आणि भात पिकवणारी खेडी. आणि मध्ये दिवसातून दोनदा भरणारे आणि दोनदा रिकामे होणारे पाणी.

भावजींनी उमेदीची सारी वर्षे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी केली होती. नोकरी सुटली, पण रेल्वे त्यांच्या अंगातून सुटली नाही. घरात त्यांनी गाईच्या धारेपासून देवपूजेपर्यंत सगळ्याचे वेळापत्रक करून माजघराच्या भिंतीला चिकटवले होते. मुंजीच्या जेवणाला ते दारात उभे राहून "पहिली पंगत बारा वाजून दहा मिनिटांनी सुटेल" असे सांगत, आणि सुटली नाही तर यजमानाकडे लेखी कारण मागत. सकाळी घरातून बाहेर पडताना ओसरीच्या पायरीवर थांबून ते स्वयंपाकघराकडे पाहत. आतून माझ्या जाऊबाईंनी हिरव्या खणाचा तुकडा हलवला की मगच पाऊल टाकत. एकदा काही कारणाने दोघांचे बिनसले. जाऊबाईंनी खण हलवलाच नाही आणि भावजी छत्री काखेत मारून दहा वाजेपर्यंत पायरीवर उभे राहिले. मी विचारले तेव्हा म्हणाले, "वहिनी, सिग्नल नाही. मी काय करणार?" जाऊबाई आतून म्हणाल्या, "उभे राहू दे त्यांना. इंजिन थंड झाल्याशिवाय मी काही निशाण दाखवायची नाही."

त्यांची इंग्रजी मालधक्क्यावर तयार झालेली होती. माझ्या वडिलांनी मला मिशनच्या बाईंकडून इंग्रजी शिकवले होते, म्हणून ठाण्याच्या साहेबाला जाणारे प्रत्येक पत्र ते आधी माझ्याकडे आणत. ते मी वाचले नसते तर गावातल्या विहिरी 'फुटक्या अवस्थेत पोचल्या' आणि पटकीची साथ 'दोन तास उशिरा धावत आहे' असे कलेक्टर कचेरीत नोंदले गेले असते. मी खोडत असे, ते शेजारी बसून मान हलवत, आणि शेवटी म्हणत, "तुमचं बरोबर आहे, पण माझ्या शब्दांत जोर जास्त होता."

तर अशा माणसाला गावाने म्युनिसिपालिटीत निवडून दिले, आणि त्यांनी पहिल्याच वर्षी गावाला नावेचा मालक केले. त्याआधी खाडी ओलांडायच्या नावेचा मक्ता दरसाल लिलावाने दिला जाई. मक्तेदार नाव गच्च भरल्याशिवाय हलवीत नसे. पलीकडच्या बायका डोक्यावरच्या पाट्या उतरवून उन्हात तास तास बसत; अळू मान टाकी, दूध नासे, आणि आमच्या गावात भाजी येई ती आजारी माणसासारखी. भावजींनी सभेत ठराव मांडला की नाव म्युनिसिपालिटीने स्वतः विकत घ्यावी आणि स्वतःच चालवावी. ठराव एका मताच्या फरकाने पास झाला, आणि तोसुद्धा दोन विरोधक त्या दिवशी कल्याणला लग्नाला गेले होते म्हणून. ठाण्याच्या साहेबाने एक वर्षाची परवानगी दिली. वर्षअखेर तो स्वतः येऊन पाहणार होता. त्याचे समाधान झाले तर नाव कायमची गावाची. नाही तर पुन्हा लिलाव. सभासदांपैकी एका शेटचे मिठागर आणि वखारी होत्या, आणि त्याच्या मेव्हण्याचा त्या मक्त्यावर डोळा होता. शेट उघडपणे सांगे, "रावसाहेब, नाव चालवणं म्हणजे ठराव करणं नव्हे. वर्षभर मजा करा. पुढच्या चैत्रात बघू."

आता रेल्वेच्या माणसाच्या हाती नाव आली म्हणजे त्याने पहिले काय करावे? वेळापत्रक. सकाळी सात, नऊ, अकरा, दुपारी दोन, चार आणि सहा, असा सुबक रंगवलेला फळा घाटावर लागला. तिथे पितळेची घंटा टांगली गेली, आणि भावजींनी गळ्यात शिट्टी अडकवली. रेल्वेचे घड्याळ एक वेळ दाखवी आणि गावातले अर्ध्या तासाने मागे असे, म्हणून ते दोन घड्याळे बाळगत. नावेचा तांडेल म्हणजे मुख्य नावाडी खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, पन्नाशीचा, फार थोडे बोलणारा गृहस्थ होता. त्याने फळ्याकडे बराच वेळ पाहिले. त्याला वाचता येत नव्हते, पण भावजींनी मोठ्याने वाचून दाखवले. तो म्हणाला, "रावसाहेब, पानी घड्याल बगत नाय."

"सवय लागेल," भावजी म्हणाले.

"कोनाला? मना का पान्याला?"

पहिल्या दिवशी नवाला उद्घाटनाची एकच फेरी होती आणि भरती नेमकी त्याआधी आली होती, त्यामुळे नाव डौलात गेली आणि सभासदांनी पेढे खाल्ले. पण भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. हे खाडीकाठच्या शेंबड्या पोराला ठाऊक असते. ठाऊक नव्हते ते फक्त मालधक्क्यावर तीस वर्षे काढलेल्या भावजींना. रोजच्या फेऱ्या सातव्या दिवशी नवाला सुरू झाल्या. त्यांनी घंटा वाजवली, शिट्टी फुंकली, आणि अकरा बायका, एक बकरी, दोन गवताचे भारे यांच्यासह नाव चार हात सरकून चिखलात बसली. तासाहून अधिक वेळ ती तशीच होती. बायका पहिल्यांदा हसल्या, मग बोलू लागल्या, आणि जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. भावजींनी रोजनाम्यात नोंद केली: "नाव वेळेवर सुटली. खाडी उशिरा आली." आणि दुसऱ्या दिवशी फळ्याखाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात कागद लागला, की सदर खाडीने यापुढे फेऱ्यांच्या वेळी पुरेसे पाणी ठेवावे, अन्यथा ठाण्यास कळवण्यात येईल. नंतर ते म्हणत की तो विनोद होता. मी त्यांना लिहिताना पाहिले होते. तो विनोद नव्हता.

पण भावजींचा एक मोठा गुण सांगायचा राहिला. हट्टी माणसे सहसा आपल्या हट्टाची परीक्षा घेत नाहीत, भावजी घेत. आठ दिवस नाव अडकत राहिल्यावर ते खडू घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. पाणी कोणत्या पायरीला किती वाजता लागते ते लिहू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तांडेलाला विचारले, "मी इथे दोन घड्याळं घेऊन बसलोय, तरी मला कळत नाही. तुला घरात बसून कसं कळतं?"

तांडेल म्हणाला, "आज तिथी कोन्ची?"

"षष्ठी."

तांडेलाने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. तिथीची पाऊणपट करायची, ती बारा वाजल्याच्या पुढे धरायची, आणि समुद्राचे पाणी आमच्या गावापर्यंत चढायला आणखी दोन तास. षष्ठीची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेसहाला भरती पुरी. त्याच्या आधी तीन तास आणि नंतर तीन तास नाव पायरीला लागेल, एरवी नाही. हे सारे त्याने पेरांवर केले, आणि मला वाटते माझा हा परिच्छेद वाचायला तुम्हांला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्या वेळात. भावजींनी पंधरा दिवस ताडून पाहिले. एकदाही चूक पाव तासावर गेली नाही. त्या पंधरवड्याच्या शेवटी ते आमच्याकडे आले, पाटावर बसले, पाणी मागितले, आणि म्हणाले, "वहिनी, मी तीस वर्षं ज्या रेल्वेत होतो, तिच्यापेक्षा हा मनुष्य नियमित आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने आपला रंगवलेला फळा उतरवला. तुम्ही त्यांना ओळखत असता तर ते किती मोठे काम होते हे तुम्हांला कळले असते. घरी येऊन ते जेवले नाहीत.

नवा फळा लागला त्यावर तास नव्हते, तिथी होत्या. प्रतिपदेला नाव कधी सुरू आणि कधी बंद, द्वितीयेला कधी, अशा पंधरा ओळी. आणि मग अशी गोष्ट झाली की जी कोणाच्या डोक्यात आली नव्हती. पलीकडच्या खेड्यांत घड्याळ एकही नव्हते, पण तिथी माहीत नसलेली बाई एकही नव्हती. एकादशीचा उपास कोण चुकवते? "आज चौथ, म्हणजे जेवणं आटपून निघायचं" असे म्हणत बायका बरोबर नावेच्या वेळेला घाटावर उतरू लागल्या. नाव भरायची वाट पाहावी लागेना, कारण ती आपोआप भरू लागली. आमच्या गावात अळू ताठ मानेने येऊ लागले.

खाडी ताळ्यावर आली, सभासद येईनात. नाव गावाची म्हणजे आपली, असे बाराही जणांना वाटे, आणि प्रत्येक जण तांडेलाला चिठ्ठी पाठवी. एकाच्या साडूसाठी नाव थांबवा. दुसऱ्याच्या बागेच्या बांधाला लावा. तिसऱ्याच्या वरातीसाठी दुपारभर राखून ठेवा. तांडेल चिठ्ठ्या मुंडाशात खोचून ठेवी. एके दिवशी तिघांच्या चिठ्ठ्यांप्रमाणे नाव एकाच वेळी तीन ठिकाणी असायला हवी होती. तो भावजींना म्हणाला, "रावसाहेब, मक्तेदार वाईट होता. पन एक होता." त्यावर भावजींनी सभेत एक नियम मांडला, इतका साधा की कोणाला नाही म्हणता येईना: ज्या सभासदाला नावेबद्दल हुकूम द्यायचा असेल त्याने खुशाल द्यावा, मात्र त्या फेरीला त्याने स्वतः नावेत बसले पाहिजे. पहिला हुकूम शेटचाच आला, की नाव माझ्या वखारीच्या मागे लावा. शेट रेशीमकाठी धोतर नेसून नावेत बसला. वखारीमागे नाव लावली तेव्हा काठापर्यंत दहा हात चिखल होता. तांडेल अदबीने म्हणाला, "शेट, तुमचा धक्का आला. उतरा." शेट उतरला, गुडघ्यापर्यंत रुतला, आणि त्याची एक वहाण आजही तिथे असेल. त्यानंतर चिठ्ठ्या बंद झाल्या.

पण त्या चिखलातून शेट जो वर आला तो थेट ठाण्याला अर्ज घेऊन गेला. अर्जात लिहिले होते की गावची नाव कोणत्याही वेळेच्या बंधनाशिवाय चालते; तिला वेळापत्रक नाही; सरकारच्या परवानगीने चाललेला कारभार पंचांग पाहून हाकला जातो. वर्ष संपत आले होते. साहेबाचे पत्र आले की तो अमुक दिवशी सकाळी दहा वाजता नावेची पाहणी करील. भावजींनी पंचांग उघडले. त्या दिवशी तृतीया होती. तृतीयेला दहा वाजता आमच्या घाटासमोर बगळे चालतात.

त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर चार सभासद जमले. एक म्हणाला, रात्रीच नाव खोल पाण्यात नेऊन ठेवू. दुसरा म्हणाला, साहेबाला पालखीतून चिखलापार नेऊ. तिसरा म्हणाला, नाव सकाळीच गेली म्हणून सांगू. भावजींनी पंचांग मिटले. मग ते म्हणाले, "वहिनी, दौत घ्या. लिहा, की त्या दिवशी नाव दीड वाजता सुटेल."

चौघेही एकदम बोलू लागले. साहेबाला वेळ देणारे तुम्ही कोण? गावाची नाव घालवणार आहात काय?

भावजी म्हणाले, "दहाला खोटी नाव दाखवून ठेवली, तर पुढच्या वर्षीही दहालाच दाखवावी लागेल. मी ते करून पाहिलंय. त्या पहिल्या फळ्याचा एक महिना पुरे."

मी मसुदा केला. त्यात सवयीने लिहिले, की आपणांस सोयीचे असल्यास. भावजींनी त्यावर बोट ठेवले. "आणि सोयीचं नसलं तर? खाडी काय करणार?" ते शब्द खोडले. त्याखाली मी तिथीचे तासांत रूपांतर करून पंधरा दिवसांचा तक्ता जोडला, म्हणजे साहेबाला कळावे की पंचांगात जे आहे तेही वेळापत्रकच आहे, फक्त ते आपल्या घड्याळात बसत नाही. पत्र गेले. उत्तर आले नाही.

त्या दिवशी दहा वाजता शेट हार घेऊन घाटावर हजर होता. साहेबाने चिखलात बसलेली नाव आपल्या डोळ्यांनी पाहावी एवढीच त्याची इच्छा होती. साहेब आला नाही. अकरा वाजले. झेंडू सुकू लागले. बारा वाजता शेटने भावजींना विचारले, "साहेब येणार आहे ना?" भावजी म्हणाले, "मला काय ठाऊक?" आणि ते खरे होते, त्यांनी दोन्ही घड्याळे पुन्हा खिशातून काढून पाहिली. मी आणि जाऊबाई पलीकडच्या देवीची ओटी भरायला म्हणून नावेतच बसणार होतो. खरे कारण इंग्रजीची गरज पडली तर मी जवळ असावे हे होते. सव्वा वाजता पाणी पायरीला लागले आणि त्याच सुमाराला स्टेशनच्या बाजूने टांगा आला. साहेबाच्या हातात माझा तक्ता होता.

साहेब तरुण होता आणि परीक्षेपुरते मराठी शिकलेला होता. तो नावेत पुढे न बसता मध्ये, पाट्यांच्या आणि बकरीच्या शेजारी बसला. भावजींनी या प्रसंगासाठी भाषण पाठ केले होते. नाव हलली आणि ते सगळे विसरले. साहेबाने शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारले, "बाई, ह्या नावेने तुम्हांस सुख आहे काय?"

बाईने त्याच्याकडे नीट पाहिले. "सुक कसला आलाय बाबा. पन मक्त्याच्या नावंला मी उन्हात बसून वालून जायची. आता तिथी बगतंय, येतंय, जातंय."

"काही तक्रार?"

"हाय ना." तिने भावजींकडे हनुवटी केली. "त्या रावसायबाला सांगा, शिट्टी कमी फुकत जा. माजी बकरी बिचकतंय."

नावेतले सगळे खाली पाहू लागले. जाऊबाईंनी पदर तोंडात धरला. साहेब गंभीरपणे मान हलवत राहिला आणि त्याने कागदावर काहीतरी लिहिले. पलीकडे उतरल्यावर त्याने भावजींना एकच प्रश्न केला: हे सगळे चालवताना सर्वांत कठीण काय गेले? मी भाषांतर करायला पुढे झाले, पण भावजींना कळले होते. ते म्हणाले, "साहेब, नाव घेणं सोपं गेलं. ती कोणासाठी घेतली हे रोज सकाळी आठवणं कठीण गेलं." हे वाक्य मी इंग्रजीत सांगितले. मी आयुष्यात पुष्कळ भाषांतर केले, पण त्या वाक्याचे मी नीट केले असावे असे मला आजही वाटते.

महिन्याने ठाण्याहून कागद आला. नाव कायमची गावाकडे राहावी, तिथीचा फळा दोन्ही काठांवर लावावा, आणि शेवटच्या कलमात, शिट्टीचा वापर माफक असावा. भावजींनी पहिली दोन कलमे तीनदा वाचून घेतली आणि तिसरे एकदाच. मग छत्री घेऊन ते तांडेलाला सांगायला गेले. तांडेल घाटावर दोर वळत बसला होता. त्याने ऐकून घेतले, दोराला पीळ दिला, आणि म्हणाला, "बरा झाला. उद्या पंचमी. दुपारी तीनला लावतंव." भावजी पुढे कित्येक वर्षे सांगत की एवढ्या मोठ्या बातमीला एवढे थोडे उत्तर त्यांनी कुठे ऐकले नाही, आणि त्याहून चांगलेही नाही.

भावजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तांडेलही गेला, त्याचा मुलगा नाव चालवतो आणि तोही पेरांवर मोजतो. म्युनिसिपालिटीत नवे सभासद आहेत. ते भांडतात, पण अजून कोणी नाव लिलावात काढलेली नाही. गेल्या महिन्यात मी परत यायला पलीकडच्या काठावर नावेची वाट पाहत होते. नाव अजून अर्ध्या खाडीत होती आणि काठावर एक कोवळी बाई, बहुधा नवी नवरी, नाव चुकली असे समजून घाईने पाटी डोक्यावर घेऊन परत फिरू लागली होती. तिच्याबरोबरच्या मोठ्या बाईने तिला हाताने खाली बसवले आणि म्हणाली, "बस गं. आपली नाव येतंय."

मी त्या नावेबद्दल ठाण्याला इंग्रजीत कितीतरी पत्रे लिहिली. तिला म्युनिसिपालिटीची नाव म्हटले, गावाची मालमत्ता म्हटले, लोकोपयोगी व्यवस्था म्हटले. ही बाई मात्र दोन शब्दांत सांगून मोकळी झाली होती. भावजी असते तर त्यांनी ते शब्द लिहून घेतले असते, आणि मला म्हणाले असते, वहिनी, ह्यात जोर जास्त आहे. नाव लागली. मी पदर सावरला आणि त्या दोघींना आधी चढू दिले.